तपकिरी किटली आणि हिरवी कात्री

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो, माहीत आहे? केस नीट करतो. समोर आरसा असतो ना! मग दोन-चार बटणं दाबून बघतो, मग दाराला एक लाथ घालतो, आणि अकलेचे सगळे दिवे पाजळून झाले की घंटीचं चित्र असलेलं बटण दाबतो. ते दाबलं की मावशी बोलते.

मावशी म्हणजे अख्ख्या कंपनीची मावशी. लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीच्या तळघरात एक मदतीची खोली होती. दोन टेबलं, दोन हेडफोन आणि भिंतीवर गावभरच्या लिफ्टांचे बारके बारके दिवे. हिरवा म्हणजे लिफ्ट चालू, लाल म्हणजे कुणीतरी लटकलंय. लाल लागला की मावशी मेकॅनिकला पिटाळायची आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायची. सोपं वाटतं ना? करून बघा एकदा. आतलं माणूस कधी रडतं, कधी आई-बहिणीचा उद्धार करतं, आणि एका गृहस्थाने तर बायकोपासून लपवलेलं सगळं मावशीला सांगून टाकलं आणि दार उघडल्याबरोबर तोंड लपवून पळ काढला.

मावशीचे नियम ठरलेले होते. दाराला हात लावू द्यायचा नाही. मध्ये शांतता पडू द्यायची नाही. 'का' विचारायचं नाही. 'कशाला बसलात लिफ्टमध्ये' असं विचारून आजवर कुणाचं भलं झालंय? त्यापेक्षा समोर काय दिसतंय, पिशवीत काय आहे, सकाळी काय खाल्लंत, असलं विचारत राहायचं. आणि मधूनमधून म्हणायचं, "दम धरा, माणूस निघालाय." मग तो माणूस खरंच निघालेला असो नाहीतर चहा ढोसत बसलेला असो.

एवढी बोलघेवडी बाई, हिच्या घरी तर बोलण्याची नुसती चंगळ असेल, असं तुम्हाला वाटेल. कसलं काय! घरी होती ती एकटी. आणि जी एक लेक होती, ती दुसऱ्या गावी राहायची आणि फक्त रविवारी फोनवर भेटायची.

लेकीला घरात खारू म्हणायचे. लहानपणी पेन्सिलींचे तुकडे, बटणं, गोळ्यांचे चमकते कागद असलं काहीबाही कोनाकोपऱ्यात साठवून ठेवायची म्हणून आधी खारूताई, आणि मग नुसतीच खारू. मावशीने तिला एकटीने वाढवली, शिकवली आणि चांगलं स्थळ बघून लग्न करून दिलं. नवरा पीत नव्हता, मारत नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त तो खारूशी बोलत नव्हता. काहीतरी बिनसायचं आणि तोंड मिटायचं. आधी आठवडाभर, मग महिनाभर, मग तर बोलणंच बंद. घरात आपण आहोत की नाही, हे खारूला आरशात बघून ठरवायची पाळी आली.

एका दुपारी ती बॅग घेऊन आईच्या दारात उभी राहिली. "आई, तो माझ्याशी बोलत नाही गं."

आणि मावशी काय म्हणाली? "मारत नाही ना? पीत नाही ना? मग दम धर. घाईघाईने काही करू नकोस. बोलेल आज ना उद्या." म्हणजे जे ती रोज पाळीभर परक्या माणसांना ऐकवायची, तेच पोटच्या पोरीला ऐकवलं आणि तिला परतीच्या बसमध्ये बसवलं. लिफ्टमधल्या माणसासाठी निदान मेकॅनिक तरी यायचा. खारूसाठी कोण येणार होतं?

कुणी आलं नाही. वर्षभराने तिने आपल्या हाताने दार उघडलं, एका लांबच्या गावी खोली घेतली, नोकरी धरली. आईकडे मात्र आली नाही. भांडली नाही, रुसली नाही, काही नाही. रविवारी फोन व्हायचा.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

"बरं."

"बरं."

झालं. संपला रविवार. पण गेल्या रविवारी त्यात एक वाक्य जास्तीचं आलं. खारू म्हणाली, "मला बाहेरच्या देशात काम मिळालंय. महिनाअखेर निघेन." किती वर्षांसाठी, तर म्हणे बघू. जाण्याआधी येते म्हणाली नाही, की तू ये म्हणाली नाही. फोन बंद झाला, तरी मावशी तो हातातच धरून बसली. पोर अशीच निघून गेली तर परत आपल्याशी कधी बोलणार नाही, एवढं तिला लख्ख कळलं. कळलं, पण करायचं काय, ते कळेना.

शेजारच्या टेबलावर चिमणी बसायची. हे नाव तिला मेकॅनिकांनी दिलं होतं, कारण तिची चिवचिव कधी थांबायची नाही. तिने मावशीचा उतरलेला चेहरा दोन दिवस बघितला आणि तिसऱ्या दिवशी मावशीचा फोनच उचलून घेतला.

"हे बघा, एक ॲप घालून देते. 'कुणीतरी' नाव आहे. अनोळखी माणसांशी बोलायचं."

"बाई गं, दिवसभर दुसरं काय करते मी?"

"ते त्यांच्याबद्दल. इथे स्वतःबद्दल बोलायचं. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. नाव ॲपच देतं. ही बघा, तुम्ही झालात तपकिरी किटली."

"किटली? मी?"

"मला तर फुटका पाट दिलाय, मी बोलले का काही? दोघांनीही 'अजून' हे बटण दाबलं तर उद्या तेच माणूस परत भेटतं. नाहीतर सगळं पुसून जातं. आणि कुणी खरं नाव घेतलं, की ॲप ते बोलणं कायमचं बंद करतं."

"आणि त्यात आपल्याच ओळखीचं कुणी निघालं तर?"

"कळणारच नाही ना! तीच तर गंमत आहे."

ते वाक्य मावशीच्या डोक्यात जाऊन बसलं.

पहिला भेटला तो निळा चमचा, त्याला पायाच्या भेगांवर उपाय हवा होता. मग भेटली पिवळी छत्री, तिने नुसती हसरी तोंडं पाठवली. मावशी कंटाळून बंद करणार, तेवढ्यात आली हिरवी कात्री.

'घर सोडतेय. खोकी भरत बसलेय,' कात्रीने लिहिलं. 'टाकायला काढलेलं सगळं परत आत ठेवतेय.'

मावशीची बोटं सवयीने चालली. 'समोर काय दिसतंय?'

'एक डबा. आत नुसती बटणं. एकाचाही जोडीदार नाही.'

मावशीला लहानपणची खारू आठवली. आता बटणांचा डबा कुणाच्या घरी नसतो, सांगा बरं? पण मनी वसे ते स्वप्नी दिसे. तिने 'अजून' दाबलं. कात्रीनेही दाबलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कात्रीने आपण होऊन लिहिलं, 'एकदा मी पळून आईकडे आले होते. तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही, असं सांगितलं. आईने परत पाठवलं.'

भिंतीवर लाल दिवा लागला. मावशीला दिसलाच नाही. चिमणीने तिच्याकडे बघत बघत हेडफोन चढवला आणि त्या लिफ्टवाल्याशी तीच बोलली.

आता मावशीला खात्रीच पटली. खोकी काय, बटणं काय, परत पाठवणं काय! हजार माणसांचे आवाज नुसत्या श्वासावरून ओळखणारी ती. रोजच्या अडकणाऱ्यांना 'हॅलो' म्हणायच्या आत ओळखायची. मग स्वतःच्या लेकीला नाही ओळखणार? त्या रविवारी तिने फोनवर हळूच खडा टाकून बघितला.

"खोकी भरून झाली का गं?"

"भरतेय. तुला कसं कळलं?"

"अंदाज आपला."

"आई, मला जरा..." खारू काहीतरी बोलायला लागली होती. पण मावशीला ते ऐकायला वेळ कुठे होता? तिला घाई झाली होती ॲपवर जायची. "बरं, ठेवते हं," म्हणून तिने फोन ठेवला आणि कात्रीला लिहायला बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. खरी लेक फोनवर बोलू बघत होती, आणि ही बया दुसरीकडे लेक शोधत होती!

चार-पाच दिवस मावशी नुसती तरंगत होती. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना ती गाणं म्हणायला सांगू लागली. एका आजोबांनी म्हटलंही. कात्रीशी रोज थोडं थोडं बोलणं व्हायचं, खोलीबद्दल, झोप न येण्याबद्दल, नव्या जागी शेजार कसा असेल याबद्दल. गेल्या दोन वर्षांत लेक आपल्याशी इतकी बोलली नव्हती, असं मावशीला वाटायचं आणि डोळे भरून यायचे. मग तिने मनाचा हिय्या केला. स्वतःचं नाव न घेता, आडून आडून, जे बोलायचं ते बोलून टाकायचं.

तिने लिहिलं, 'तुझ्या आईला तेव्हा कळलं नसेल गं. कळलं असतं तर तिने तुला पाठवलं नसतं. तिला आता फार वाईट वाटत असेल.'

पाठवलं आणि तिला हलकं हलकं वाटलं. सुटले बाई एकदाची, असं.

उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. 'नाही हो. आईला कळलं होतं. तेच तर डाचतं. नुसती चुकली असती तर मी केव्हाच विसरले असते. पण तिला सगळं दिसत होतं, आणि दिसत नसल्यासारखं ती वागली. आता कुणाला विचारू? आई गेली.'

मावशीने ते दोनदा वाचलं. गेली? गेली म्हणजे? आणि मग जो काही संताप आला म्हणता! जिवंतपणी आईला मारून मोकळी झाली ही कार्टी! चूक झाली असेल आईची, पण म्हणून काय तिला सरणावर चढवायची? तिने लिहिलं, 'गेली? इथे धडधडीत बसलेय मी! आईला मेलेली म्हणताना जीभ कशी झडली नाही तुझी, खारू?'

पाठवून झालं आणि मगच तिच्या लक्षात आलं, आपण नाव घेतलं.

पडद्यावर लाल पट्टी उमटली. नाव सांगितल्यामुळे हे संभाषण थोड्याच वेळात बंद होत आहे.

'खारू कोण?' कात्रीने लिहिलं. 'तुम्ही कोण?'



'मी साठीला आलेय हो,' कात्रीने भराभर लिहिलं. 'शाळेसाठी आईने मला आत्याकडे ठेवलं होतं. तिथलं सांगत होते मी. आईला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली.' आणि मग, पट्टीवरचा वेळ संपत असताना, 'तुमची खारू आहे ना अजून? मग माझ्याशी काय बोलत बसलात?'

मावशी 'माफ करा' लिहीत होती. 'माफ'पर्यंत पोचली आणि पडदा कोरा झाला.

लाजेने तिचे कान तापले. एका परक्या, आईवेगळ्या बाईला आपण वाट्टेल ते बोललो! आणि तिची कहाणी आपली म्हणून उचलली. घरोघरी मातीच्या चुली, हे तिने जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. पण आपल्या चुलीचा धूर दुसऱ्याच्याही डोळ्यात तसाच जातो, हे तिला आज कळलं.

"काय झालं मावशी?" चिमणी विचारत होती.

"काही नाही. मूर्ख आहे मी."

"ते ठीक आहे. पण झालं काय?"

मावशी हसली नाही. कात्रीचं एकच वाक्य तिला सोडेना. आईला कळलं होतं. तेच तर डाचतं.

कारण मावशीलाही कळलं होतं. हे तिने चिमणीला सांगितलं नव्हतं, कात्रीला सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे स्वतःलाही कधी धडपणे सांगितलं नव्हतं. खारूला परत पाठवायच्या आधी ती लेकीकडे चार दिवस राहून आली होती. जावई सासूशी अगदी अदबीने बोलायचा. या, बसा, प्रवास कसा झाला. खारू तिथेच उभी असायची आणि तो तिच्या अंगावरून भिंतीकडे बघायचा. जेवताना तो मावशीला म्हणायचा, "त्यांना सांगा, मीठ जास्त झालंय." आणि मावशी उठून स्वयंपाकघरात जायची आणि हळू आवाजात लेकीला सांगायची, "मीठ जरा जास्त झालंय म्हणतो गं." चार दिवस तिने असे निरोप पोचवले. शर्टाचं बटण तुटलंय म्हणतो. उद्या उशीर होईल म्हणतो. जेवायच्या टेबलापासून चुलीपर्यंत पाच पावलं, आणि तेवढ्यासाठी दोन माणसांच्या मध्ये ती बाई निरोप्या झाली होती. आणि घरी परत येऊन शेजारणीला सांगितलं, जावई मोठा शांत आहे हो.

"चिमणे, दिव्यांकडे बघशील? मी जरा जिन्यात जाऊन येते."

"आत्ता? अजून सुट्टी..."

"बघशील की नाही?"

"बघते, बघते. जा."

तळघराच्या जिन्यात झाडू, बादल्या आणि एक मोडकी खुर्ची होती. मावशी खुर्चीवर बसली नाही. उभ्याउभ्याच तिने फोन लावला.

खारूने लगेच उचलला. "काय झालं? कोण गेलं?" रविवार सोडून आईचा फोन, म्हणजे दुसरं काय असणार!

"कुणी नाही गेलं. खारू, ऐक. मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तो तुझ्याशी बोलत नाही, ते. तू यायच्या आधीपासून. चार दिवस राहिले ना मी, तेव्हाच. डोळ्यांनी बघितलं मी."

पलीकडे काही आवाज आला नाही. मावशीची जीभ वळवळली. शांतता पडू द्यायची नाही, काहीतरी विचार, जेवलीस का विचार, हवा कशी आहे विचार. तिने ओठ दाताखाली धरले आणि गप्प राहिली. इतका कठीण नियम तिने आयुष्यात कधी मोडला नव्हता.

"मग मला परत का पाठवलंस?" खारूचा आवाज अगदी बारीक आला.

"लाज वाटली. एकटीने वाढवली म्हणून पोरीला संसार जमला नाही, असं लोक म्हणतील, याची लाज वाटली. तुझ्यापेक्षा ती मोठी झाली. दुसरं काही कारण नाही. तुझं चांगलं व्हावं म्हणून पाठवलं वगैरे काही नाही."

"मीठ जास्त झालंय म्हणतो, असं सांगायला तू आत आली होतीस."

"हो."

"हळू आवाजात."

"हो गं."

"आई, तुला माहितेय का, मला त्या दिवसांत काय वाटायचं?" आता तिचा आवाज चढत चालला होता. "मला वाटायचं, मलाच वेड लागलंय. तू बघतेयस, तुझ्या डोळ्यांसमोर सगळं चाललंय, आणि तू काही बोलतच नाहीस. म्हणजे काही घडतच नसेल. म्हणजे मीच उगाच काहीतरी डोक्यात घेतलंय. परत गेल्यावर वर्षभर मी हाच विचार करत बसले! अजूनही करते. अजूनही कुणी दोन मिनिटं गप्प बसलं ना, की मला वाटतं..." तिला पुढे बोलवेना.

"वेड नव्हतं लागलं तुला. खरं होतं ते. सगळं खरं होतं," मावशी म्हणाली. "मी साक्षीला होते आणि मी तोंड उघडलं नाही."

मग खारू रडली. आणि रडता रडता बोलायला लागली. काय काय बोलली! तुला लोकांच्या लिफ्टची काळजी, असं म्हणाली. माझ्या जागी कुणी परकं असतं तर त्याला तू तासभर धीर दिला असतास, असं म्हणाली. हे सांगायला तुला दोन वर्षं लागली, आणि तेही मी निघायच्या वेळी, असं म्हणाली. शब्दाशब्दाला मावशीच्या काळजाला डागण्या बसत होत्या. पण ती कान देऊन ऐकत होती, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा तिची पोर तिच्याशी बोलत होती. आणि या वेळी बोलणारी खरोखरीचीच खारू होती.

खोलीच्या दारातून चिमणीने हाक मारली. मावशीने हाताने तिला जा म्हणून खूण केली.

"मला अजून पुष्कळ बोलायचंय," खारू शेवटी नाक ओढत म्हणाली. "फोनवर नाही मावणार. शनिवारी येते मी. पण लाडाने येत नाहीये हं. भांडायला येतेय."

"ये," मावशी म्हणाली. "ये बाई. पोटभर भांड."